पाकिटे अनेक, जनुक एक

ताडकळसच्या जुन्या घराची आवराआवर करताना माळ्यावर वडिलांची पत्र्याची ट्रंक सापडली. सातबाऱ्याच्या कागदांखाली सरकीची रिकामी पाकिटे घडी घालून ठेवली होती. एखादे वाण नीट आले नाही, की पुढच्या मृगाला दुसऱ्या कंपनीचे घ्यायचे, हा त्यांचा शिरस्ता. मी पाकिटे ओसरीवर मांडली, तेव्हा दिसले की २००८ पासूनच्या प्रत्येकावर एक शब्द सारखाच आहे : बोलगार्ड-२. वडील वाण बदलत होते, तंत्रज्ञान तेच राहत होते.

मराठवाड्याला हे परावलंबन नवे होते. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या नांदेड केंद्राने दिलेला एनएचएच-४४ हा संकरित वाण एकेकाळी आमच्याकडे सर्रास लावत. संकरित म्हटल्यावर सरकी दरवर्षी विकत घेणे आलेच. पण वाण बदलला की निदान बियाण्याचे कूळ बदले.

२६ मार्च २००२ रोजी बीटी कापसाला केंद्राची परवानगी मिळाली. पहिले तीन वाण जालन्याच्या महिकोचे, जनुक अमेरिकेच्या मोन्सॅन्टोचे. दोघांच्या भागीदारीतल्या कंपनीने ते जनुक चाळीसहून अधिक देशी कंपन्यांना परवान्याने दिले. हिरव्या बोंडअळीवरच्या फवारण्या सुरुवातीला खरोखरच कमी झाल्या. शेतकरी उगाच भुलला, असे म्हणणाऱ्यांशी माझे जमत नाही. पुढे देशातले नव्वद टक्क्यांहून अधिक कापूस क्षेत्र बीटीखाली गेले.

सुरुवातीला ४५० ग्रॅमचे पाकीट सोळाशे रुपयांच्या घरात होते. २००६ मध्ये आंध्र सरकार मक्तेदारी आयोगापुढे गेले, तेव्हा ते साडेसातशेवर आले. मार्च २०१६ मध्ये केंद्राने बोलगार्ड-२ चा भाव ८०० रुपये आणि त्यातले जनुकशुल्क ४९ रुपये ठरवले. त्याच वर्षी कंपनीने पुढच्या पिढीच्या कापसाचा मंजुरीअर्ज मागे घेतला. सरकारला भाव बांधता आला, नवे जनुक मागवता आले नाही.

पर्याय नव्हतेच असे नाही. २००६ मध्येच औरंगाबादच्या नाथ सीड्सच्या बीटीला मंजुरी मिळाली होती, पण त्यात एक जनुक, बोलगार्ड-२ मध्ये दोन. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे 'बिकानेरी नरमा' हे सरळ वाण होते, म्हणजे घरची सरकी पेरता आली असती. ते बाजारात येताच मागे घ्यावे लागले, कारण त्यात मोन्सॅन्टोचेच जनुक आढळले.

गुलाबी बोंडअळी मात्र पाकिटावरचे नाव वाचत नाही. पहिल्या बोलगार्डला ती गुजरातेत दाद देईनाशी झाल्याचे २०१० मध्ये कंपनीनेच जाहीर केले. नंतर बोलगार्ड-२ चेही तेच झाले, आणि २०१७ मध्ये मराठवाडा-विदर्भात शेतेच्या शेते डोमकळ्यांनी भरली. अळी बोंडाच्या आत, फवारा बाहेर. दुकानात वाण मागाल तितके, पण ज्यावर तिची मात्रा चालणार नाही असे एकही नव्हते.

अळी इतक्या लवकर सरावू नये म्हणून बीटीभोवती साध्या कापसाच्या ओळी लावायच्या होत्या. त्यासाठी प्रत्येक पाकिटात १२० ग्रॅमची वेगळी पुडी असे. साध्या ओळी म्हणजे अळीला आयते आंदण, असे गावात सगळेच म्हणत, मीही म्हणायचो.

ट्रंकेच्या तळाशी त्या पुड्याही होत्या. एकही फोडलेली नव्हती.