गर्भ आहे, पण कुठे?

हा घटनाक्रम कुणा एकीचा नाही. गर्भनळी गर्भाशयाच्या भिंतीत शिरते त्या कोपऱ्यात गर्भ रुजला, तर काय घडू शकतं, ते इथे मांडलं आहे. अस्थानी, म्हणजे गर्भाशयाच्या पोकळीबाहेर रुजलेल्या, गर्भांपैकी जेमतेम २ ते ४ टक्के गर्भ इथे रुजतात.

सोमवार, सकाळी ११. ६६ तास बाकी
नववा आठवडा. अंगावरून थोडं जातंय, उजवीकडे ओटीपोट दुखतंय. पोटावरून सोनोग्राफी होते. गर्भाभोवतीची पिशवी दिसते, ठोके दिसतात. रिपोर्ट येतो : गर्भाशयात जिवंत गर्भ.

योनीमार्गातून तपासलं असतं, तर पिशवी अगदी कडेला आणि गर्भाशयाची पोकळी रिकामी दिसली असती. पिशवीभोवती स्नायूचा थर ५ मिलिमीटरहूनही कमी, आणि पोकळीच्या अस्तरापासून पिशवीपर्यंत गेलेली बारीक पांढरी रेघ. आज निदान झालं असतं, तर रक्ताची सोय करून, वेळ ठरवून ऑपरेशन करता आलं असतं.

मंगळवार, रात्री ९. ३२ तास बाकी
दुखणं थांबत नाही. गॅस झाला असेल म्हणून ओवा दिला जातो.

बुधवार, रात्री ११. ६ तास बाकी
कळा वाढतात. "अगं, रिपोर्ट चांगला आलाय ना? सकाळी बघू," सासूबाई धीर देतात.

गुरुवार, पहाटे ५. शून्य
कोपरा फुटतो. गर्भाशयाच्या आणि बीजकोशाच्या रक्तवाहिन्या इथेच एकमेकींना मिळतात, त्यामुळे रक्तस्राव जबर होतो. ती न्हाणीघराच्या दारात कोसळते.

५.३०
शुद्ध येते. आता खांदा दुखतोय : पोटात साचलेलं रक्त श्वासपटलाला टोचतंय. १०८ ला फोन जातो.

६.३०
ग्रामीण रुग्णालय. नाडी १३०, वरचं बीपी ८०. डॉक्टर यकृत आणि मूत्रपिंडाच्या मधल्या जागेवर सोनोग्राफीचा प्रोब धरतात. पडद्यावर काळी पट्टी उमटते. रक्तच. दोन मिनिटांत निदान होतं, पण पुरेसं रक्त इथे नाही.

८.१५
जिल्हा रुग्णालय. पोट उघडून कोपरा काढतात, बाटल्यांमागून बाटल्या रक्त चढवतात. ती वाचते. पुढच्या खेपेला त्याच व्रणावर गर्भाशय फाटण्याची भीती राहते.

सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांनो, ठोके दिसले म्हणून प्रोब उचलू नका. पिशवीभोवती चहूबाजूंनी किती स्नायू आहे, ते मोजा. शंका आली तर योनीमार्गातून बघा. आणि बायांनो, रिपोर्ट नॉर्मल असला तरी दुखणं वाढत असेल, तर सकाळची वाट बघू नका. त्याच रात्री दवाखाना गाठा.