गिटारचा आवाज आणि वृंदाचा मेळ



या व्यासपीठावर संतवाङ्मय, राजकारण, अर्थकारण हे विषय नेहमीचे. आज आम्ही विजेच्या गिटारचा इतिहास सांगणार, हे हस्तपत्रिकेत वाचून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. कामगार चळवळीतल्या माणसाचा गिटारशी संबंध काय? संबंध आहे. गर्दीत ज्याचा आवाज कोणाला ऐकूच जात नाही, त्याला तो मिळावा कसा, आणि मिळाल्यावर त्याने तो वापरावा कसा, हा आमच्या रोजच्या कामातला प्रश्न. विजेच्या गिटारचा इतिहास म्हणजे याच प्रश्नाचा इतिहास होय.

१९२० नंतरच्या अमेरिकेत नृत्यगृहांचा मोठा सुकाळ होता. दहा-पंधरा माणसांचा वाद्यवृंद, त्यात ट्रंपेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन आणि ढोल. या पितळी गर्जनेत गिटारवाला बिचारा कोपऱ्यात बसून ताल धरी. त्याचे बोट कितीही तयार असो, श्रोत्यांना त्याचा पत्ता नसे. गिटारचे पोट मोठे केले, पोलादी तारा लावल्या, १९२७ च्या सुमारास लॉस एंजेलिसमध्ये पोटात धातूच्या थाळ्या बसवलेल्या गिटारी निघाल्या. पण तेवढ्याने भागेना. पुढे मायक्रोफोन ठेवावा, तर तो शेजारचा ट्रंपेटही गोळा करी.

यावर तोड काढली ती जॉर्ज बोशॅम्प या हवाईयन गिटार वाजवणाऱ्याने. हा माणूस इंजिनियर नव्हे, वादक. अडचण ज्याची त्यानेच उपाय शोधला, ही गोष्ट आम्हाला विशेष वाटते. फॅरडेने १८३१ साली दाखवून दिले होते की तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबकत्वात फेरबदल झाला की वेटोळ्यात वीज उत्पन्न होते. बोशॅम्पने तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे घेतले, त्याला नालाच्या आकाराचे दोन चुंबक जोडले आणि ते गिटारच्या पोलादी तारांपाशी बसवले. तार थरथरली की चुंबकत्व थरथरते, वेटोळ्यात तशीच इवलीशी वीज खेळते आणि ध्वनिवर्धक ती मोठी करून ऐकवतो. यालाच पिकअप म्हणतात. हा पिकअप हवेतला आवाज ऐकत नाही. तो पोलादाची हालचाल टिपतो. म्हणून शेजारी ट्रंपेट कितीही कडाडो, तो टिपतो ती गिटारची तारच. पहिले वेटोळे धुलाईयंत्राच्या मोटरवर गुंडाळले, असे सांगितले जाते. १९३१ साली लाकडी नमुना झाला आणि १९३२ साली ॲडॉल्फ रिकेनबॅकर या स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या हत्यार-कारागिराच्या साह्याने ओतीव ॲल्युमिनियमची गिटार बाजारात आली. आकारावरून तिला लोक ‘फ्राइंग पॅन’, म्हणजे तळणीचा तवा म्हणू लागले. पेटंट हाती आले ते मात्र १० ऑगस्ट १९३७ रोजी. तोवर इतरांनीही हा धंदा सुरू केला होता.

आवाज मिळाला, पण त्याचे चीज केले चार्ली ख्रिश्चनने. ओक्लाहोमात वाढलेला हा निग्रो तरुण १९३९ च्या ऑगस्टमध्ये बेनी गुडमन या गोऱ्या वृंदनायकाकडे दाखल झाला. काळ्या-गोऱ्यांनी एका मंचावर बसणे तेव्हा अनेक ठिकाणी खपत नसे. त्याच्या हाती १९३६ साली निघालेली गिब्सन कंपनीची ई. एस. १५० ही गिटार होती. ताल धरण्यापुरत्या गिटारला त्याने सॅक्सोफोनसारखे सलग बोलायला लावले. २ मार्च १९४२ रोजी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, तो क्षयाने गेला. वृंदात जेमतेम दोन वर्षे. पण तेवढ्यात गिटार कोपऱ्यातून उठून पुढे आली.

आता दुसरी अडचण. वेटोळे गिटारच्या तारा टिपते, तसे दिव्यांतून आणि विजेच्या जोडण्यांतून पसरणारे क्षेत्रही टिपते. अमेरिकेत वीज सेकंदाला ६० आवर्तनांची, आपल्याकडे ५० ची. परिणाम एकच, सतत घुमणारी घरघर. गेटसभेत कर्णा लावणाऱ्यांना ती चांगली परिचित आहे. गिब्सनमध्ये ध्वनिवर्धकांवर काम करणाऱ्या सेथ लव्हरने १९५५ साली तिच्यावर उपाय शोधला. एका वेटोळ्याऐवजी दोन घ्यायची. दुसऱ्याची विजेची दिशा उलटी आणि त्याचा चुंबकही उलटा ठेवायचा. बाहेरची घरघर दोन्हींत विरुद्ध दिशांनी येऊन आपसात कटते; तारेचा स्वर मात्र दोनदा उलटल्यामुळे सुलटा होऊन एकात एक मिळतो. १९५७ पासून हे पिकअप गिटारींवर दिसू लागले. पेटंट १९५९ साली मिळाले.

तिकडे कॅलिफोर्नियात रेडिओ दुरुस्त करणारा लिओ फेंडर एकाच वेटोळ्याचे पिकअप बसवत होता. घरघर होती, पण स्वर काचेसारखा लख्ख. हे काम कोणाचे हात करीत, तेही सांगितले पाहिजे. अबिगेल इबारा ही कामगार स्त्री १९५६ साली फेंडरच्या कारखान्यात आली आणि २०१३ साली निवृत्त होईपर्यंत पिकअप गुंडाळीत राहिली. केसासारखी बारीक तार बोटाच्या ताणावर, हजारो वेढे. वेढे वाढले की आवाज जोरकस होतो, पण त्याची धार बोथटते; कमी केले की धार येते, पण जोर घटतो. आज त्या जुन्या पिकअपांना मोठी किंमत येते. वादक ज्याला जादू म्हणतात, तिच्यात त्या बोटांचा वाटा आहे.

तेव्हा कोणता पिकअप चांगला, हा प्रश्नच अर्धवट आहे. कोणत्या वृंदात, हे आधी विचारावे. गणेशोत्सवातल्या आपल्या ऑर्केस्ट्रातही दोन गिटारी असतात. दोघांनीही मानेजवळचा, खर्जाकडे झुकणारा पिकअप लावला, तर बेस गिटारशी मिळून नुसता चिखल होतो. एकाने घोडीजवळचा धारदार स्वर घ्यावा, दुसऱ्याने भरदार. म्हणजे दोघेही ऐकू येतात.

जुळवणीचेही तसेच. शेवटच्या पडद्यावर तार दाबून धरावी आणि ती व पिकअप यांतले अंतर मोजावे. साधारण दीड ते अडीच मिलिमीटर असावे. मानेजवळ तारेचा झोका मोठा, म्हणून तिथला पिकअप घोडीजवळच्याहून खाली ठेवावा. जाड तारांची बाजूही थोडी खाली. नवशिका मात्र पेच फिरवून पिकअप वरच आणतो, कारण जवळ तितका जोर. पण फार जवळ गेला की चुंबक तारेलाच ओढतो. सूर डळमळतो आणि गुंजन लवकर मरते. आणखी एक. ही जुळवणी घरी एकट्याने पुरी होत नाही. एकट्यात भरदार वाटणारा स्वर वृंदात इतरांना झाकतो. सगळे वाजवत असताना, सगळ्यांचे ऐकत, ती करावी लागते.

या इतिहासाला एक कडू बाजूही आहे. महायुद्धानंतर मोठे वृंद मोडले. १९४४ साली नृत्यगृहांवर बसलेला जबर कर, प्रवासखर्च, बदललेली अभिरुची अशी कारणे अनेक. पण विजेच्या आधाराने चार माणसे सारे सभागृह भरू लागली, हेही त्यांतले एक. ज्याचा आवाज ऐकू येत नव्हता त्याला तो मिळाला, आणि शेजारच्या ट्रंपेटवाल्याची खुर्ची गेली. दोष यंत्राचा नव्हे. पण यंत्राचा लाभ कोणाला आणि भुर्दंड कोणाला, हे आपोआप न्यायाने ठरत नाही. पुढे जोराचीच चढाओढ लागली. १९६५ साली ‘द हू’ या इंग्रज मंडळीसाठी शंभर वॅटचे मार्शल ध्वनिवर्धक बनले.

याच काळात काउंट बेसीच्या वृंदात फ्रेडी ग्रीन हा गिटारवाला बसत असे. १९३७ ते १९८७, म्हणजे मरेपर्यंत. तो विजेच्या आधारावर विसंबला नाही. त्याची गिटार वेगळी क्वचितच ऐकू येई. पण सारा वृंद तिच्यावर चाले. म्हणून बोशॅम्पची खटपट व्यर्थ होती असे नव्हे. ख्रिश्चनला आवाज हवाच होता आणि तो त्याला मिळायलाच हवा होता. इतकेच, की आवाज मिळाल्यावर पिकअपचा पेच दोन्ही दिशांना फिरतो, हे वाजवणाऱ्याने विसरू नये. आमच्या सभांतही ज्यांना कर्णा मिळतो त्यांना आम्ही हेच सांगत असतो.