टीएलजी-४५: ट्रॉम्बे ते लातूर
टीएलजी-४५ हा भुईमुगाचा टपोऱ्या दाण्याचा वाण २००७ साली मराठवाड्यासाठी प्रसारित झाला. नावातला 'टी' ट्रॉम्बेचा, 'एल' लातूरचा. भाभा अणुसंशोधन केंद्र आणि लातूरचे गळीतधान्य संशोधन केंद्र यांचे हे संयुक्त अपत्य. त्यामागच्या किरणोपचाराचे कूळ मात्र एका तृणधान्यापासून सुरू होते.

१९२८ साली अमेरिकेत लुईस स्टॅडलर यांनी सातूच्या बियांवर क्ष-किरण सोडल्याचे निष्कर्ष मांडले. पुढच्या पिढीत पांढरी, पिवळी रोपे उगवली होती. कोरड्या दाण्यापेक्षा अंकुरू लागलेल्या दाण्यात असे बदल कितीतरी जास्त होते.

किरण दाण्यातल्या गर्भपेशींचे डीएनए तोडतात. पेशी ते सांधते, कधी चुकीचे सांधते, आणि ती चूक वंशात उतरते. दाणा स्वतः किरणोत्सारी होत नाही. गहू, ज्वारी, भात यांना साधारण २०० ते ३०० ग्रे (किरणमात्रेचे एकक) मात्रा देतात. मात्रा वाढेल तशी उगवण घटते, रोप खुजे राहते, पहिली पाने सुरकुततात, कणसात दाणा भरत नाही. ही झाली नुसती इजा. तिच्यावरून वाण पारखता येत नाही. टिकणारा बदल दुसऱ्या पिढीपासून दिसतो, तोही हजारो रोपांत एखाद्यात, आणि बहुतेक बदल निरुपयोगीच असतात. म्हणून खरे श्रेय किरणांपेक्षा वाफ्यावाफ्यातून फिरणाऱ्या नजरेचे.

मेक्सिकोच्या सोनोरा-६४ गव्हाचा दाणा लाल, म्हणून चपातीसाठी लोकांना नकोसा. गॅमा किरणांच्या साहाय्याने एम. एस. स्वामिनाथन यांच्या गटाने दिल्लीत त्यातूनच पिवळसर दाण्याचा शरबती सोनोरा काढला. तो १९६७ साली शेतात आला.

ट्रॉम्बेत क्ष-किरण दिले गेले ते 'स्पॅनिश इम्प्रूव्हड' भुईमुगाला. त्यातून मोठ्या शेंगेचा टीजी-१ निघाला, १९७३ साली प्रसारित झाला. पुढे या वंशातल्या वाणांचे आपसांत संकर होत गेले. १९९१ चा टॅग-२४ असाच आला; यातला 'ए' अकोल्याचा. टीजी-१९ आणि टॅग-२४ यांच्या संकरातून टीएलजी-४५ जन्मला.

नांदेड-लातूरकडच्या खरिपात भुईमुगाइतकाच ओळखीचा असलेला उडीदही या वाटेने गेला आहे. १९८५ चा टीएयू-१ हा टी-९ आणि किरणांमुळे गडद हिरवी पाने आलेला यूएम-१९६ यांच्या संकरातला.