बक्षीस आणि गुरू

कृष्णाकाठी पैलवान घडवायला तालीम आहे आणि गवई घडवायला घराणे आहे. पण कादंबरीकार घडवायला काय आहे? सातारा-सांगलीच्या मातीने इतके लेखक दिले, ते कोणत्या तालमीत तयार झाले, हा प्रश्न माझ्यासारख्या मॅट्रिक झालेल्या मास्तराला पडणे साहजिकच आहे.

सरकारी बक्षिसाची कल्पना आपल्याकडे जुनी आहे. पेशव्यांच्या दक्षिणेचा काही पैसा मराठी ग्रंथांकडे वळवावा, अशी मागणी सुधारकांनी केली आणि १८५१ साली दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली. ग्रंथ पसंत पडला की बक्षीस मिळे. पण लिहिताना अडलेल्याचा हात कोणी धरायचा, हे काम कमिटीचे नव्हते.

ते काम माणसांनी केले. १८९८ साली सांगलीत जन्मलेले वि. स. खांडेकर हे श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांना गुरू मानीत. हे गुरू दूर वऱ्हाडात वकिली करणारे आणि शिष्य शिरोड्याच्या शाळेत मास्तर! पुढे कोल्हापुरास खांडेकरांकडे एक तरुण लेखनिक राहिला. माडगूळच्या या पोराला मॅट्रिकची परीक्षा पदरात पाडून घेता आली नव्हती. पण खांडेकरांचा मजकूर उतरवता उतरवता आणि त्यांच्याकडची पुस्तके वाचता वाचता तो वेगळीच परीक्षा देत होता. तेच आपले ग. दि. माडगूळकर.

त्यांचे धाकटे बंधू व्यंकटेश यांची ‘बनगरवाडी’ आधी दिवाळी अंकातून वाचकांपुढे आली आणि १९५५ साली तिचे पुस्तक झाले. धनगरांच्या वाडीवर गेलेल्या तरुण मास्तराची ती कथा. मी मास्तर असल्यामुळे की काय, ती मला घरचीच वाटते. वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांना तर शाळाही लाभली नाही. त्यांची ‘फकिरा’ १९५९ साली निघाली, तिला प्रस्तावना लिहिली ती खांडेकरांनी. आणि १९६१ साली राज्य सरकारचे पारितोषिकही तिला मिळाले. बक्षीस आणि वडिलकीचा हात अशा दोन्ही गोष्टी एका पुस्तकाला लाभल्या, असे क्वचितच घडते.

या दोहोंची सांगड घालण्याचा प्रयत्न केंद्र सरकारने २०२१ साली केला. तीस वर्षांपर्यंतच्या होतकरू लेखकांसाठी देशभर स्पर्धा. पाच हजार शब्दांचे लेखन पाठवायचे. ७५ जणांची निवड. त्यांना जाणत्या लेखकांचे मार्गदर्शन आणि सहा महिने दरमहा पन्नास हजार रुपये! विषय मात्र ठरवून दिलेला : स्वातंत्र्यलढा.

माझा एक जुना विद्यार्थी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता. २०१९ च्या महापुरात त्याचे घर गेले होते आणि त्याच पुरावर त्याची कादंबरी अर्धी लिहून झाली होती. “सर, पूर बाजूला ठेवून स्पर्धेत उतरू का?” असे त्याने विचारले. पैशाची गरज होती. घरावर अजून पत्रे पडायचे होते. मी म्हणालो, “उतर; पण वही फाडू नकोस.” त्याने क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारवर लिहिले. त्यासाठी गावोगावच्या म्हाताऱ्यांकडे जाऊन बसला. निवड झाली नाही. पण त्या म्हाताऱ्यांची बोली त्याच्या कानात राहिली. पूर्वी त्याच्या कादंबरीतली माणसे पुस्तकी बोलत, ती आता कृष्णाकाठचे बोलू लागली आहेत. दर रविवारी तो एक प्रकरण घेऊन येतो. मी ऐकतो आणि जिथे कंटाळतो तिथे तोंडावर सांगतो.

वाचकहो, स्पर्धा भरवणे सरकारला साधते, आणि ती भरवावीच. नोकरी-धंद्यात पिचलेल्या पोराला सहा महिन्यांची उसंत ही लहान गोष्ट नव्हे. पण ७५ जण निवडले की बाकीचे हजारो घरी परततात. त्यांचे हस्तलिखित ऐकणारे कोणीतरी त्यांच्या गावातच असायला हवे. या दिवाळीत तुमच्या घरातला कोणी मुलगा किंवा सून वही लपवताना दिसली, तर फराळाचे ताट बाजूला सारून एवढेच म्हणा, “वाच पाहू, ऐकतो मी.”