रिकार्डोचं कापड आणि ब्राझीलचं सोनं

आता आपण १८१७ सालात येऊ. डेव्हिड रिकार्डो आपल्या ग्रंथात एक हिशोब मांडतो. ठरावीक कापड विणायला इंग्लंडमध्ये वर्षभर १०० माणसं लागतात, ठरावीक वाईनला १२०. पोर्तुगालमध्ये कापडाला ९०, वाईनला ८०. म्हणजे पोर्तुगाल दोन्हींत सरस! मग त्यानं कापड बाहेरून घ्यावंच कशाला? तर ८० माणसांची वाईन देऊन ९० माणसांचं कापड हाती येतं, म्हणून. त्याचे दहा माणसांचे श्रम वाचले, इंग्लंडचे वीस. हिशोबात खोट नाही.

पण हेच देश, याच वस्तू का? त्यामागे १७०३ चा मेथ्यूएन करार आहे. पोर्तुगालनं इंग्रजी लोकरी कापडाला दार उघडलं. बदल्यात इंग्लंडनं पोर्तुगीज वाईनवर फ्रेंच वाईनपेक्षा एक तृतीयांश कमी जकात लावली. तरी नुसत्या वाईनवर कापडाचे पैसे फिटेनात. फरक भागवला ब्राझीलच्या सोन्यानं, आणि ते काढणारे बहुतेक आफ्रिकेतून आणलेले गुलाम. रिकार्डोच्या चार आकड्यांत ही माणसं मोजलेलीच नाहीत, हे आपण विसरता कामा नये.

पुढं पोंबालनं देशी कापड कारखान्यांना हात दिला, ते पुढच्या व्याख्यानात पाहू.