कठड्याचं टोक

रस्ता सोडून जाणाऱ्या गाडीला अडवायला कठडा हवा, हे रस्ते बांधणाऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होतं. आपल्या जुन्या घाटांत दगडी कठडे बांधले गेले. अमेरिकेत लाकडी खांब रोवून त्यांना तारा ताणल्या गेल्या. १९३० च्या दशकात तिथे घडीची पोलादी पट्टी आली, खांबांवर बोल्टने कसलेली. ती बनवणाऱ्या ‘अमेरिकन रोलिंग मिल कंपनी’च्या आद्याक्षरांवरून युरोपात तिला आजही ‘आर्मको’ म्हणतात. आपल्या महामार्गांवरचा क्रॅश बॅरियर याच घराण्यातला. या घराण्याचा इतिहास सांगायचा तर मधल्या पट्टीविषयी फार बोलावं लागत नाही. सगळी भानगड टोकाची आहे.

बाजूने घासणाऱ्या गाडीला हा पत्रा पेलतो तो जाडीमुळे नव्हे. तो जेमतेम तीन मिलिमीटर असतो. धडक बसली की खांब कलतात, पट्टी मागे सरकून ताणली जाते आणि गाडीला रस्त्याच्या दिशेने वळवते. हा ताण दोन्ही टोकांनी धरून ठेवला तरच हे जमतं. म्हणजे टोक घट्ट बांधलेलं हवं. पण त्याच टोकावर गाडी समोरून आली, तर ते घट्ट असणंच जीवघेणं. सुरुवातीची टोकं नुसती कापून सोडलेली असत. गाडी त्यावर आदळली की पट्टी बॉनेट फोडून आत बसलेल्या माणसापर्यंत पोचायची.

त्या काळी याकडे कोणी रस्त्याचा दोष म्हणून पाहत नव्हतं. चालकाची चूक, विषय संपला. तो संपू न देणाऱ्यांत जनरल मोटर्सचे केनेथ स्टोनेक्स पुढे होते. मिशिगनमधल्या मिलफर्डच्या कंपनीच्या चाचणी मैदानावर गाड्या तरबेज चालक चालवत, तरीही त्या रस्त्याबाहेर जात. मग स्टोनेक्स आणि सहकाऱ्यांनी रस्त्याकडेची झाडं, खांब हटवले, उतार सपाट केले. तिथल्या नोंदींतून दिसलं की कडेला सुमारे ३० फूट मोकळी जागा असेल तर बाहेर गेलेल्या दहापैकी आठ गाड्या सावरतात. १९६७ मध्ये अमेरिकेतल्या राज्यांच्या महामार्ग अधिकाऱ्यांच्या संघटनेने पिवळ्या मुखपृष्ठाची पुस्तिका काढली, तिच्यात हा आकडा आला.

त्याच वर्षी अमेरिकी संसदेच्या समितीपुढे एक वेगळाच साक्षीदार उभा राहिला. जोसेफ लिंको, न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातला टीव्ही दुरुस्त करणारा माणूस. रस्त्याकडेच्या धोक्यांचे फोटो काढत फिरणं हा त्याचा ध्यास. उघडी टोकं, पुलाच्या खांबाच्या अलीकडेच संपणारे कठडे, काँक्रीटमध्ये रोवलेले फलकांचे खांब, अशा स्लाइड्स त्याने खासदारांना दाखवल्या. अभियंत्यांची फौज पगारावर असताना हे काम टीव्ही मेकॅनिकने करावं, यातच सारं आलं.

उपाय निघाले, पण त्यांनीही जीव घेतले. टोक वाकवून जमिनीत पुरलं, तर गाडी त्या उतारावर चढून उलटू लागली. १९७० च्या दशकात जास्त विचारपूर्वक तोडगा आला: शेवटचा खांब लाकडी, भोक पाडून मुद्दाम कमजोर केलेला, आणि पट्टीतून निघालेली तार त्याच्या बुंध्याशी अडकवलेली. बाजूने धडक बसली तर तार ताण धरते. समोरून बसली तर खांब मोडतो, तार सुटते. पुढे टेक्सासमध्ये १९८० च्या दशकाअखेरीस टोकावर पोलादी डोकं बसवलं गेलं. गाडीने ते ढकललं की पट्टी चरकातल्या उसासारखी चेपून रस्त्याच्या उलट बाजूला बाहेर पडते आणि गाडीचा वेग त्यात खर्ची पडतो.

याच डोक्याच्या पुढच्या आवृत्तीत ट्रिनिटी कंपनीने २००५ च्या सुमारास एक माप पाच इंचांवरून चार इंच केलं आणि सरकारला कळवलं नाही. एका प्रतिस्पर्ध्याने दावा लावला. दंडासह निकाल ६६ कोटी ३० लाख डॉलरांवर गेला, पण २०१७ मध्ये अपील न्यायालयाने तो रद्द केला; बदल कळल्यावरही सरकारने मान्यता कायम ठेवली होती, हे त्यामागचं कारण. कायद्याने प्रश्न मिटला. एका इंचाने किती फरक पडतो, यावर मात्र अभियंत्यांची झोप उडायला हवी.

आपल्याकडे ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री यांची गाडी सूर्या नदीच्या पुलाच्या कठड्यावर आदळली; मिस्त्री आणि त्यांच्यासोबतचे जहांगीर पंडोल गेले. तिथे तीन पदरी रस्ता पुलापाशी दोन पदरी होतो. मागच्या सीटवरच्या सीटबेल्टची चर्चा खूप झाली, आणि ती योग्यच. पण पुलाच्या कठड्याचं उघडं टोक, म्हणजे लिंकोच्या स्लाइडमधलंच दृश्य, पंचावन्न वर्षांनी. धक्का शोषणारी यंत्रणा तिथे बसली ती या अपघातानंतर.

नवे प्रयोगही चालू आहेत. विदर्भात वणी-वरोरा महामार्गावर २०२३ मध्ये बांबूचा २०० मीटरचा क्रॅश बॅरियर लागला, नाव ‘बाहुबल्ली’. पोलादाला बांबूचा पर्याय मिळाला तर चांगलंच. पण साहित्य कोणतंही असो, टोकाचं काय केलं हे आधी विचारावं. माशाच्या शेपटीसारखं पसरट टोक लावून काम संपवण्याची पद्धत आपल्या रस्त्यांवर अजून सर्रास दिसते. इंडियन रोड्स काँग्रेसची २०१५ ची अडथळ्यांविषयीची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. ठेकेदाराच्या बिलात ती दिसली पाहिजेत.

राष्ट्रीय महामार्गावर असं उघडं टोक दिसलं, तर ठिकाण आणि किलोमीटरचा आकडा लिहून ठेवा आणि १०३३ या हेल्पलाइनवर कळवा.