अध्यक्ष वर्षाचा, खटला दशकाचा: ठेकेदारांच्या देशव्यापी संघटनेचा कारभार कसा चालतो?

जुलै २०१० मध्ये ‘बिल्डर्स असोसिएशन ऑफ इंडिया’ने भारतीय स्पर्धा आयोगाकडे एक तक्रार दाखल केली. देशातल्या मोठ्या सिमेंट कंपन्या संगनमत करून भाव वाढवतात, असा तिचा आशय होता. जून २०१२ मध्ये आयोगाने कंपन्यांना मिळून सहा हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. डिसेंबर २०१५ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो आदेश रद्द केला. कारण तांत्रिक होते: ज्यांनी सुनावणी पूर्ण ऐकली नव्हती, त्या अध्यक्षांचीही आदेशावर सही होती. आयोगाने पुन्हा सुनावणी घेतली आणि ऑगस्ट २०१६ मध्ये पुन्हा दंड लावला. जुलै २०१८ मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने तो कायम ठेवला, कंपन्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि त्याच वर्षी त्यांची अपिले दाखल करून घेतली गेली.

तक्रार करणाऱ्या संघटनेचे राष्ट्रीय अध्यक्षपद मात्र साधारणपणे एका वर्षाचे असते. म्हणजे २०१० ते २०१८ या काळात खटला एकच राहिला आणि खुर्चीत माणसे बदलत गेली. दरवर्षी नेतृत्व बदलणारी संघटना एवढी लांब लढाई कशी लढते, पैसा कुठून आणते, निर्णय कोण घेते? या प्रश्नांची उत्तरे तिच्या वार्षिक कारभारात आहेत.

आधी नावाचा घोळ

‘बिल्डर’ म्हटले की आपल्याकडे डोळ्यांसमोर फ्लॅट विकणारा विकासक येतो. या संघटनेत विकासकही आहेत, पण तिचा मूळ पिंड ठेकेदारांचा. रस्ते, पूल, धरणे, सरकारी इमारती बांधण्याचे कंत्राट घेणाऱ्यांची ही संघटना. तिची सुरुवात १९४१ मध्ये पुण्यात झाली. दुसऱ्या महायुद्धाचा काळ होता आणि लष्कराच्या अभियांत्रिकी सेवेची, म्हणजे ‘एमईएस’ची कामे घेणारे काही ठेकेदार एकत्र आले. विकासकांची ‘क्रेडाई’ ही संघटना त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १९९९ मध्ये स्थापन झाली. दोघांची दुखणीही वेगळी. विकासकाला ग्राहक आणि परवानग्यांची चिंता असते. ठेकेदाराला निविदेतल्या अटी, साहित्याचे भाव आणि थकलेली बिले यांची.

आज संघटनेचे मुख्यालय मुंबईत आहे. देशभरात दोनशेहून अधिक केंद्रे आणि वीस हजारांहून अधिक थेट सभासद असल्याचे संघटना सांगते. स्थानिक ठेकेदार संघटनांच्या संलग्नतेतून जोडलेले सभासद वेगळे. आशिया आणि पश्चिम पॅसिफिकमधल्या ठेकेदार संघटनांचा जो महासंघ १९५६ मध्ये मनिलात स्थापन झाला, त्यातही ती आहे.

उतरंड कशी असते?

सर्वात खाली केंद्र, म्हणजे शहर किंवा जिल्हा पातळीवरची शाखा. तिथे अध्यक्ष, सचिव, खजिनदार. त्यावर राज्य पातळी. त्यावर विभागवार उपाध्यक्ष, आणि शिखरावर राष्ट्रीय अध्यक्ष, मानद सरचिटणीस, मानद खजिनदार. व्यवस्थापन समिती आणि सर्वसाधारण परिषद अशी दोन मंडळे वर्षातून अनेकदा बसतात आणि त्यांच्या बैठका वेगवेगळ्या शहरांत होतात. हे फिरते चक्र केवळ पाहुणचारासाठी नाही. गुवाहाटीच्या ठेकेदाराला मुंबईचे कार्यालय दूरचे वाटते. बैठक त्याच्या शहरात आली की त्याच्या राज्यातला प्रश्न विषयपत्रिकेवर चढतो. (पाहुणचारही होतोच, हे नाकारण्यात अर्थ नाही.)

‘मानद’ या शब्दाकडे लक्ष द्यावे. पदाधिकारी पगार घेत नाहीत. स्वतःचा धंदा सांभाळून काम करतात. यातून दोन गोष्टी होतात. वेळ आणि ऐपत असलेल्याच माणसाला वरचे पद परवडते, कारण वर्षभर प्रवास करायचा तर साइट सांभाळणारा दुसरा कोणी तरी लागतो. आणि रोजचे काम पगारी सचिवालय करते. कोर्टाच्या तारखा, वकिलांच्या फायली, मंत्रालयांशी झालेला पत्रव्यवहार तिथे राहतो. अध्यक्ष बदलला तरी फाइल हरवत नाही, ती यामुळे. माजी अध्यक्षांचा गटही असतो. तो कधी आधार ठरतो, तर कधी नव्या अध्यक्षाच्या मानगुटीवरचे ओझे. हा अनुभव केवळ ठेकेदारांच्या नव्हे, कुठल्याही व्यापारी संघटनेला चुकलेला नाही.

मग अध्यक्षपद एकाच वर्षाचे का? ठेकेदार एकमेकांचे स्पर्धक असतात. आज एका टेबलावर बसलेले दोघे उद्या एकाच निविदेत समोरासमोर येतात. ज्याच्याकडे संघटनेचे पद, त्याची खात्यांच्या सचिवांशी ओळख वाढते. ती खुर्ची एकाच माणसाकडे पाच वर्षे राहिली तर इतरांना शंका येणारच. वर्षाची मुदत आणि विभागवार फिरणारी संधी हे त्या शंकेवरचे जुने औषध आहे. त्याची किंमतही आहे: नव्या अध्यक्षाचे पहिले काही महिने ओळखी करण्यात जातात आणि शेवटचे काही पुढच्या निवडणुकीच्या चर्चेत.

वार्षिक सभा: कायदा काय मागतो?

गृहनिर्माण सोसायटीच्या वार्षिक सभेला गेलेल्या कोणालाही हा क्रम पाठ असेल. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, वार्षिक अहवाल, लेखापरीक्षित ताळेबंदाला मंजुरी, लेखापरीक्षकाची नेमणूक, निवडणूक आणि शेवटी ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय’. ठेकेदारांच्या देशव्यापी संघटनेचीही सभा साधारण याच वाटेने जाते. आकडे तेवढे मोठे.

व्यापारी संघटना भारतात प्रामुख्याने दोन प्रकारे नोंदवल्या जातात: संस्था नोंदणी अधिनियम १८६० खाली संस्था म्हणून, किंवा कंपनी कायदा २०१३ च्या कलम ८ खाली ना-नफा कंपनी म्हणून. दोन्हींत नियमांचा काच वेगळा.

१८६० चा कायदा जुना आणि सुटसुटीत. वार्षिक सभेनंतर चौदा दिवसांच्या आत नव्या कार्यकारी मंडळाची नावे, पत्ते आणि व्यवसाय यांची यादी निबंधकाकडे द्यावी लागते. संस्थेच्या नियमांत वार्षिक सभेची तरतूदच नसेल, तर ती यादी जानेवारीत द्यायची. बाकी बरेचसे संस्थेच्या घटनेवर सोडलेले. उद्देश बदलायचा किंवा दुसऱ्या संस्थेत विलीन व्हायचे असेल तर मात्र तीन-पंचमांश मते लागतात, आणि तीही दोनदा: एका विशेष सभेत आणि महिन्याच्या अंतराने घेतलेल्या दुसऱ्या सभेत. रागाच्या भरात घेतलेला निर्णय महिनाभरात निवतो, हे दीडशे वर्षांपूर्वीच्या कायदेकारांना ठाऊक असावे.

कलम ८ च्या कंपनीला आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत वार्षिक सभा घ्यावी लागते. दोन सभांमध्ये पंधरा महिन्यांहून जास्त अंतर चालत नाही. इतर कंपन्यांना सभेची २१ दिवसांची नोटीस द्यावी लागते. ना-नफा कंपन्यांना २०१५ च्या सवलतीनुसार १४ दिवसांची पुरते. नफा झाला तरी सभासदांत वाटता येत नाही.

गणपूर्तीचा नियम तर पाहण्यासारखा आहे. सार्वजनिक कंपनीचे सभासद पाच हजारांहून जास्त असले, तरी स्वतः हजर असलेल्या ३० जणांवर सभा वैध ठरते. कंपनीच्या नियमावलीत जास्त संख्या ठरवली असेल तर गोष्ट वेगळी. तेवढेही आले नाहीत तर सभा आठवडाभर पुढे जाते, आणि तेव्हाही अर्ध्या तासात गणपूर्ती झाली नाही तर हजर असतील तेच गणपूर्ती धरले जातात. हजारो ठेकेदारांच्या नावाने बोलणारा ठराव एका छोट्या खोलीत मंजूर होऊ शकतो, तोही पूर्णपणे कायदेशीर मार्गाने. म्हणून मोठ्या संघटना परिषदेत केंद्रांचे प्रतिनिधी घेतात. सगळे सभासद एका सभागृहात येणार नाहीत हे गृहीत धरूनच ती रचना केलेली असते.

महाराष्ट्रात आणखी एक पायरी आहे. संस्था सार्वजनिक न्यास म्हणून धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली असेल, तर कार्यकारिणीतला बदल ९० दिवसांत कळवावा लागतो. हाच तो प्रसिद्ध ‘चेंज रिपोर्ट’. त्यावर कोणी हरकत घेतली की चौकशी सुरू होते. निवडणूक झाली, हार-तुरे झाले, पण चेंज रिपोर्ट अडकला, ही गोष्ट राज्यातल्या शिक्षणसंस्थांपासून क्रीडासंस्थांपर्यंत अनेकांनी पाहिली आहे. बँकेत सही कोणाची चालणार, यावरून मग जुने आणि नवे मंडळ भांडत बसते.

पैसा येतो कुठून?

वर्गणी, प्रवेश शुल्क, संलग्न संघटनांचे शुल्क, अधिवेशने आणि प्रदर्शनांतले प्रायोजकत्व, मासिकातल्या जाहिराती. अशा संघटनांच्या जमेच्या बाजूला साधारण हेच दिसते. प्रायोजकत्वाचा प्रश्न नाजूक असतो. अधिवेशनाला पैसे देण्याची ऐपत सिमेंट, पोलाद आणि यंत्रसामग्रीच्या कंपन्यांकडे असते, आणि भावावरून भांडणही त्यांच्याशीच. वर्गणी कमी ठेवली तर प्रायोजकांवर भिस्त वाढते. जास्त ठेवली तर लहान ठेकेदार बाहेर राहतो. खजिनदाराला दरवर्षी हे गणित नव्याने मांडावे लागते.

सिमेंटच्या खटल्याबाबत अनेकांचा एक गैरसमज असतो. स्पर्धा आयोगाने लावलेला दंड वसूल झाला, तरी तो सरकारच्या संचित निधीत जातो; तक्रारदार संघटनेला त्यातला रुपयाही मिळत नाही. नुकसानभरपाई हवी तर वेगळा अर्ज करावा लागतो. म्हणजे सभासदांच्या वर्गणीतून वकिलांची फी द्यायची आणि हातात थेट काही पडायचे नाही, असा ठराव वर्षामागून वर्ष मंजूर करून घ्यायचा. अहवालातला हा परिच्छेद लिहिणे सोपे नसणार.

सभेत काय बोलू नये?

त्याच खटल्याने व्यापारी संघटनांना एक धडाही दिला. २०१२ च्या आदेशात सिमेंट कंपन्यांबरोबर त्यांच्या उत्पादक संघटनेलाही ७३ लाख रुपये दंड झाला होता. सभासद कंपन्यांच्या भावांची माहिती गोळा करणे आणि त्यांना एकत्र बसवणे आयोगाला खटकले. हाच नियम उद्या ठेकेदारांच्या बैठकीलाही लागू होतो. कोणत्या कामाला कोण किती टक्के वर-खाली भरणार, कोण निविदा भरणार नाही, हे चहापानात ठरले तरी ती निविदेतली संगनमताची साठमारी ठरते. स्पर्धा कायदा २००२ तिला थेट बंदी घालतो. नियमाला धरून चालणाऱ्या संघटना त्यामुळे विषयपत्रिका आधी ठरवतात, इतिवृत्त नीट लिहितात आणि दरांची चर्चा धोरणापुरती ठेवतात. सरकारी दरसूची जुनी झाली, ती सुधारा, असा ठराव करता येतो. ‘यापेक्षा कमी दराने कोणीही भरू नये’ असा करता येत नाही. लहान गावातल्या ठेकेदाराला हा फरक समजावणे हे केंद्राच्या सचिवाचे काम.

ठरावांचे पुढे काय होते?

काही ठराव कागदावर राहतात, काही थेट कायद्याच्या पुस्तकात पोहोचतात. १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गॅनन डंकर्ली खटल्यात म्हटले होते, की इमारत बांधण्याचे कंत्राट अखंड असते. त्यातल्या सिमेंट-विटांची ‘विक्री’ झाली असे धरून राज्यांना विक्रीकर लावता येणार नाही. १९८२ च्या ४६ व्या घटनादुरुस्तीने ते चित्र बदलले. त्या दुरुस्तीला बिल्डर्स असोसिएशननेच आव्हान दिले. १९८९ च्या निकालात दुरुस्ती वैध ठरली, पण राज्यांच्या करआकारणीवर घटनेतल्या मर्यादा लागू राहतील हेही न्यायालयाने सांगितले. संघटना अर्धी हरली आणि अर्धी जिंकली. तिचे नाव मात्र करकायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या वहीत गेले.

अलीकडच्या वर्षांतले विषयही तितकेच रोकडे आहेत. जुलै २०२२ पासून अनेक सरकारी बांधकाम कंत्राटांवरचा जीएसटी १२ वरून १८ टक्के झाला. आधी भरलेल्या निविदांतला फरक कोणी सोसायचा? जून २०२४ मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाने दहा कोटी रुपयांवरच्या वादांसाठी सरकारी कंत्राटांत लवादाची तरतूद सरसकट ठेवू नये, असे कळवले; मग ठेकेदाराने दिवाणी न्यायालयाची पायरी चढायची का? आणि महाराष्ट्रात २०२५ मध्ये ज्या थकीत बिलांसाठी राज्यातल्या ठेकेदार संघटना आंदोलनात उतरल्या, तो प्रश्न तर प्रत्येक केंद्राच्या प्रत्येक बैठकीत असतो. अशा वेळी दिल्लीत निवेदन देणारा अध्यक्ष किती सभासदांच्या वतीने बोलतो, हे समोरचा अधिकारी पाहतो, आणि सभासदसंख्या, झालेली निवडणूक, मंजूर ठराव हे सगळे तिथे कामाला येते.

हा कारभार तपासण्याचा हक्क केवळ सभासदांपुरता नाही. १८६० च्या मूळ कायद्यानुसार, संस्थेने निबंधकाकडे दाखल केलेली कागदपत्रे कोणालाही पाहता येतात. कायद्यात त्यासाठी लिहिलेले शुल्क आहे एका वेळेला एक रुपया.